कवेलूवरून

गावात टीव्ही आला त्या साली
मी सहावीत होतो आणि अंगानं काडी,
म्हणून कवेलू फुटणार नाहीत
असा ठराव झाला माझ्या नावानं.
पंचायतीच्या वहीत नाही, तोंडी.

पेटीची किल्ली कवडू कोतवालाच्या करदोड्याला.
बुधवारी गाण्यांच्या आधी तो कुलूप काढी,
काचेला हात लावण्यापूर्वी धोतराला पुसे
आणि स्टॅबिलायझरची सुई लाल घरातून सुटेपर्यंत
कोणाला खोकू देत नसे.

मी वर. लोखंडी पाईप दोन्ही हातांत,
तोंड नागपूरच्या अंगाला.
खालून:
फिरव! अजून! अबे तिकडं नाही, विहिरीकडं!
आलं का?
आलं, आलं… गेलं न बे!
आता हालू नोको.

मी हलत नसे. अर्धा तास.
खाली कोण नाचतंय, कोणत्या झाडामागं,
मला कवेलूच्या फटीतून नुसता निळा उजेड.
काळ्यापांढऱ्या डब्यातून तो निळा कसा निघे
हे सायन्सच्या मास्तरांनाही सांगता आलं नाही.
जैतुनबी तर शपथेवर सांगायची,
आज तिची साडी हिरवी होती.
मी एकही नटी पाहिली नाही.
शिट्ट्या मोजून ठरवायचो कोण आली असेल.

आणि कधी कधी, रात्री उशिरा,
शाल पांघरून कोणी बसलेलं असे.
निवेदिका त्याचं नाव हळू घेई,
आजाऱ्याचं घ्यावं तसं.
त्या नावासरशी सतरंजी रिकामी.
चला बाप्पा, बुवा आ-आ करून राह्यला.
अंधारात चपला शोधण्याची झटापट,
मग कवडूची किल्ली वाजे: करू का बंद?
राहू दे ना, तुह्यं काय जाते,
हा लटारू.

खडी गंमतीत वीस वर्षं लुगडं नेसून नाचलेला,
आता जिनिंगात रुई दाबायचा. दात तीन.
मला खालून हाक घाली:
देवमन्या, पाच मिनटं धर बेटा,
उद्या भजे चारतो.
त्याची पाच मिनटं विलंबित असायची.
भजे अजून बाकी आहेत.

पौषातली एक रात्र. पाईप हाताला चिकटत होता.
खाली एक बाई गात होती,
विहिरीत दोर सोडावा तशी,
दोर संपत आला तरी पाणी लागेना
आणि तिला त्याची घाई नव्हती.
मधेच खरखर. मधेच नुसत्या मुंग्या.
मी पाईप करंगळीएवढा सरकवला.
खरखर गेली.
बाई परत आली, जराशी जाड, जराशी जवळ,
आणि मग इतकं स्वच्छ लागलं की कधीच नाही.
श्वास ऐकू येत होता.
मांडीवर पडणारी थाप ऐकू येत होती.

आलं का?
उत्तर नाही.
आलं का हो?
कवडू, एकदम दबक्या आवाजात:
आलं, आलं. हालू नोको.

तेव्हा मी फटीतून खाली पाहिलं.
निळा उजेड नव्हता.
शाळेपुढचा बल्ब नव्हता, चक्कीवरचा नव्हता,
पार हिंगणघाटच्या मिलपर्यंत काळं.
लाईन गेलेली, कधीची कोण जाणे.
आणि गाणं चालूच,
तीन दातांतून वारा सांडत, शब्द चुकत,
बाईनं जिथं सोडलं
त्याच्या थोडं अलीकडून उचललेलं.

उतरता आलं असतं. शिडी तिथंच होती.
पण कोतवालानं सांगितलेलं.
मी पाईप धरून उभा राहिलो
नागपूरकडं तोंड करून,
आणि एकदा सूर जरासा घसरला तेव्हा
करंगळीएवढा सरकवला.